पाटलांचा पूर्ण गोल

ताट

वाटूरच्या रखमाजी पाटलांचा काचबिंदू पहिल्यांदा ओळखला तो जवसाच्या चटणीने. डॉक्टरांचा नंबर त्यानंतर लागला.

निजाम सरकारच्या १३४५ फसली सालचा, म्हणजे १९३६चा, पावसाळा संपत आला होता. द्वारकाबाईंच्या लक्षात आलं की मालक चटणी खात नाहीत. भाकरी खातात, भाजी खातात, ताक पितात, उठतात. चटणी जिथल्या तिथं. द्वारकाबाईंनी अर्थ काढला: रागावले. तीस वर्षांच्या संसारात रागावण्याची ही तऱ्हा नवी होती, पण पोलीस पाटील माणूस, काढली असेल नवी. त्यांनी जवसाची बंद करून कारळाची केली. ती राहिली. शेंगदाण्याची केली, लसूण दुप्पट घातला. तीही राहिली. विचारायला मात्र त्या गेल्या नाहीत. रागावलेल्याला राग का आला म्हणून विचारायचं, म्हणजे चूक आपली आहे हे आधीच कबूल करायचं.

दीड महिन्यानं पाटलांनीच विचारलं, "चटणी करायचं सोडून देलं का?"

चटणी ताटात होती. डावीकडे, जिथे द्वारकाबाईंची सासू ठेवायची आणि तिची सासूही ठेवत असणार. भाजी उजवीकडे, चटणी-कांदा डावीकडे, मीठ वर मधोमध. या घरात ताटाचा नकाशा कुणी बदललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी ताट अर्धं फिरवून ठेवलं. पाटलांनी चटणी चाटूनपुसून खाल्ली आणि हाक मारली.

"आज भाजी न्हाई?"

"हाय की."

"कुठं?"

"ताटात."

पाटलांनी मान वळवली. भाजी होती. "आत्ता ठिवलीस," ते म्हणाले.

मान वळवली की त्यांना सगळं दिसायचं. पण जिथे काही नाहीच असं वाटतं, तिकडे मान कोण वळवतं?

केसपेपर

(जालन्याच्या एका सरकी-व्यापाऱ्यानं बांधलेल्या धर्मादाय दवाखान्यातला. मूळ उर्दूत, अक्षर डॉक्टर कमरोद्दीन यांचं. महिने फसली सालाचे, आजूर हा त्यातला पहिला, ऑक्टोबरात सुरू होणारा.)

तारीख: ११ आजूर, १३४६ फसली.

नाव: रखमाजी वल्द धोंडजी, पोलीस पाटील, मौजे वाटूर.

वय: पंचावन्न (स्वतःच्या म्हणण्यानुसार). साठ (पत्नीच्या म्हणण्यानुसार).

तक्रार: काही नाही. तक्रार पत्नीची आहे.

डावा डोळा: समोर धरलेली बोटं मोजतो, तीही चुकतो. हे आजवर माहीत नव्हतं म्हणतो.

उजवा डोळा: समोरचं दूरवर स्वच्छ.

दाब: डावा अठ्ठेचाळीस, उजवा छत्तीस. पंचविसाच्या आत हवा.

आतली नस: डावीकडे पांढरी, वाटीसारखी खोल. उजवीकडे खोल होऊ लागलेली. चित्र कागदाच्या मागे काढलं आहे. चित्र चांगलं आलेलं नाही.

जे डॉक्टर म्हणाले

"देखो पाटीलसाहेब, हा काळा मोतिया आहे. तुमच्याकडे काचबिंदू म्हणतात. पांढरा मोतिया काढला की दिसतं. हा काढता येत नाही. डोळ्यातलं पाणी निघत नाही, तुंबतं, आणि मागची नस दाबून मारतं. काठाकडून मारत येतं. मधलं शेवटी जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते गेलं. उजवा आहे तेवढा राखायचा."

"राखा मंग."

"दोन रस्ते आहेत. एक, थेंब. दिवसातून तीन वेळा, रोज, मरेपर्यंत. दुसरा, चाकू. चाकूची मला घाई नाही, चाकूनंही डोळा जाऊ शकतो. थेंबांनी थांबलं तर ठीक. वाढत राहिलं तर कापावं लागेल. वाढतंय की थांबलंय, एवढंच मला कळलं पाहिजे."

"मी सांगन की."

"तुम्हाला नाही कळणार," डॉक्टर म्हणाले. ही गोष्ट त्यांनी पाटलांना तोंडावर सांगायला नको होती.

पडदा

दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिंतीवर काळ्या कापडाचा पडदा. मधोमध पांढरा ठिपका. रोग्यानं पडद्यापासून दोन हात लांब खुर्चीत बसायचं, एक डोळा झाकायचा, उघडा डोळा ठिपक्यावर रोखायचा आणि हलवायचा नाही. कंपाउंडर काळ्या काठीच्या टोकाला लावलेला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा मणी काठाकडून आत आणणार. दिसला की "दिसला" म्हणायचं. आत फिरताना गायब झाला की "गेला" म्हणायचं. जिथे जिथे गेला, ती जागा कागदावरच्या गोलात काळ्या पेन्सिलीनं भरायची. दोन-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. काळं वाढलं की रोग वाढला.

सगळी भिस्त एका गोष्टीवर: समोरचा माणूस खरं बोलणार, आणि "दिसत नाही" हे सांगायला त्याला काही वाटणार नाही.

कंपाउंडर निजामोद्दीन वाटूरचाच. त्याची आई आमिना अजून तिथंच राहते, पाटलांच्या विहिरीवर पाणी भरते. पहिल्या दिवशी तो गप्प राहून मणी फिरवत गेला आणि पाटील गप्प राहून बसले. शेवटी त्यानं कागद दाखवला. उजव्या डोळ्याच्या गोलात, डाव्या अंगाला, खाली, कुणी भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा काळा भाग.

"हे काळं काय?"

"तिथं तुमाला न्हाई दिसलं, पाटील."

"मी म्हणालो, न्हाई दिसलं?"

"गप्प बसले तुम्ही."

"गप्प बसणं म्हंजे न्हाई? अरे निजाम, चावडीवर मी गप्प बसलो की लोक हो समजतात."

निजामोद्दीननं मान खाली घातली. बाहेर बाकावर वीस माणसं बसली होती, दार उघडं होतं, आणि पोलीस पाटलाच्या नावाच्या कागदावर काळं फासलं गेलं होतं, तेही त्याच्या हातानं.

पडदा, बहमन महिना

दोन महिन्यांनी निजामोद्दीन सुधारला. म्हणजे त्याची रीत सुधारली. मोठ्या माणसाच्या वाड्यात शिरताना आपण येतोय हे आधी सांगायचं, एवढी त्याला लहानपणापासूनची सवय होती. ती त्यानं मण्यालाही लावली.

"पाटील, आता डावीकडून येऊन राह्यलो."

"ये."

"दिसतो का?"

"दिसतो."

"आता खालून."

"दिसतो, दिसतो. बिलकुल साफ."

पाटलांनाही आता हा खेळ समजला होता. हा पोऱ्या मणी लपवतो, आपण तो धरायचा. ठिपक्यावर डोळा रोखून बसायला आपण काय बगळा आहोत? निजाम "डावीकडून" म्हणाला की ते डोळा डावीकडे पाठवत आणि मणी उंबऱ्यातच पकडत.

काळा भाग आटून पहिल्याच्या अर्ध्यावर आला.

पडदा, फरवर्दी महिना

पूर्ण गोल. आणखी दोन महिन्यांनी काळं नाही. कुठेच नाही.

केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं: दाब बावीस. दृष्टिक्षेत्रात सुधारणा. थेंब चालू ठेवावेत. शस्त्रक्रियेची जरूर नाही. आणि खाली, बारीक अक्षरात: नस मात्र पूर्वीपेक्षा खोल वाटते, थेंबांनी बाहुली बारीक झाल्यामुळे नीट पाहता आली नाही, माझं पहिलं चित्र चुकलं असावं.

पाटलांनी कागदाची नक्कल मागितली. निजामोद्दीननं ती लाल शाईनं काढून दिली.

गाव

नक्कल काचेत बसवून चावडीवर टांगली. लोक येऊन बघून गेले.

"हे काय म्हणावं?"

"पाटलांचा डोळा हाय तो. जालन्याच्या डाक्टरनं नापला."

"पुऱ्या पुनवेवानी दिसून राह्यला."

"पहिले कोर कमी व्हती म्हणं. भरून आली."

शेजारचा कडूबा बराच वेळ काचेसमोर उभा राहिला. त्याला गेल्या उन्हाळ्यापासून कंदिलाभोवती रंगीत कडी दिसायची आणि कपाळ ठणकायचं.

"पाटील, मीबी जाऊन येऊ का?"

"जा की. पण तुझा असा येईल असं न्हाई," पाटील म्हणाले.

थेंब

दाब बावीस कसा आला, तेही सांगितलं पाहिजे.

थेंब टाकले की पाटलांचं कपाळ दुखायचं आणि दोन तास सगळं अंधुक दिसायचं. ज्यानं दिसतं ते औषध आणि ज्यानं दिसत नाही तेही औषध, हे त्यांना पटलं नाही. म्हणून ते घरी थेंब टाकत नसत. मात्र दवाखान्यात रिकाम्या हातानं कसं जायचं? जालन्याला जायच्या दिवशी ते परतूर स्टेशनावर एकदा टाकत, गाडी सुटली की एकदा, जालना दिसू लागलं की एकदा. रोजचे तीन थेंब, हिशोबात बरोबर.

डॉक्टर दाब मोजत. दाब उत्तम असे. दोन महिन्यांतून एकदा.

ताट, पुन्हा

द्वारकाबाईंना कागद वाचता येत नव्हता. त्यांनी आपलं मोजमाप चालू ठेवलं होतं.

त्या रोज चटणी डाव्या काठाला ठेवत. पाटलांनी ती नाही घेतली की दुसऱ्या दिवशी एक बोट आत. नाही घेतली की आणखी एक बोट. घेतली की तिथं थांबायचं, ती जागा ध्यानात ठेवायची, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा काठापासून सुरुवात. ही रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. चटणी वाया जाऊ नये एवढाच मूळ उद्देश.

दिवाळीला चटणी काठापासून दोन बोटं आत ठेवली की मिळायची.

संक्रांतीला तीन बोटं. तिळाची पोळी डावीकडे वाढली होती. पाटील म्हणाले, औंदा पोळ्या कमी केल्या.

होळीला पाच. त्याच आठवड्यात चावडीवर पूर्ण गोल टांगला गेला.

अक्षय्य तृतीयेला चटणी भाकरीला चिकटली होती, तेव्हा कुठे पाटलांचं बोट तिला लागलं. कांदा तर आता दिसतच नव्हता, आणि मीठही अर्धं अर्धं. आमरसाची वाटी डावीकडे होती. पाटलांचा कोपर लागून ती सांडली, आणि त्यांनी द्वारकाबाईंना विचारलं, "इथं वाटी कुणी आणून ठिवली?"

"मीच ठिवली."

"सांगायचं न्हाई का?"

द्वारकाबाई रस पुसता पुसता थांबल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "जालन्याला कधी जायचंय?"

"दोन म्हयने झाले की. का?"

"ह्या खेपेला मी आत येऊन बसणार."

पडदा, खुर्दाद महिना

निजामोद्दीननं द्वारकाबाईंना खोलीत मागे एक स्टूल दिलं. डॉक्टर दाराशी उभे होते. ते एरवी कागदच बघत. आज पाटलीणबाई आत येऊन बसल्या म्हणून सभ्यतेनं थांबले.

"पाटील, आता डावीकडून येऊन राह्यलो."

"दिसतो."

"आता खालून, डाव्या अंगानं."

"दिसतो रे."

"डाक्टरसाहेब," द्वारकाबाई म्हणाल्या, "एक बोलू?"

"बोला, बाई."

"आमच्या घरी ताट बोलत न्हाई."

डॉक्टरांना कळलं नाही. पाटलांना कळलं. ते म्हणाले, "तू गप ऱ्हाय."

"हा निजाम सांगतो, डावीकडून येतो, खालून येतो. माझी चटणी न्हाई सांगत, मी डावीकडं हाय म्हणून. सांगितलं असतं तर तीबी खाल्ली असती ह्यांनी. दिवाळीला दोन बोटं लागत होती. आता भाकरीला टेकवावी लागते. सहा म्हयन्यात. आन तुमचा कागद म्हणतो, पूर्ण गोल."

डॉक्टर कमरोद्दीन यांनी टेबलावरचा फरवर्दीचा कागद उचलला आणि पहिल्यांदाच तो नीट पाहिला. त्यांना त्यात काळं सापडलं नाही म्हणून ते घाबरले.

"निजामोद्दीन. आंधळी जागा कुठे आहे?"

"हुजूर?"

"उजव्या डोळ्याला ठिपक्याच्या उजवीकडे, वीतभर अंतरावर, जराशी खाली. चार बोटं रुंद. प्रत्येक माणसाच्या डोळ्यात असते. नस जिथून आत येते तिथे कुणालाच दिसत नाही. माझ्या डोळ्यात आहे, तुझ्या आहे, हैदराबादेत तख्तावर बसलेल्याच्या आहे. पाटलांची कुठे गेली?"

"हुजूर," निजामोद्दीन म्हणाला, "पाटलांना तिथंबी दिसतं."

"देवानं जिथे कुणालाच दिसू दिलं नाही, तिथे?"

"हो, हुजूर. मी इचारलं व्हतं. दिसतं म्हणाले."

पाटील खुर्चीत ताठ बसले होते. अजून त्यांना हे कौतुकच वाटत होतं.

डॉक्टरांनी काठी घेतली, ते पाठ करून उभे राहिले आणि वळले. "पाटीलसाहेब, डोळा ठिपक्यावर. मी काही सांगणार नाही. दिसलं की बोला."

काठी डावीकडून सरकली. आवाज नाही.

"दिसला," पाटील म्हणाले.

खालून सरकली.

"दिसला."

वरून. उजवीकडून. "दिसला. दिसला. बराबर दिसला."

डॉक्टरांनी मूठ उघडली. मणी त्यांच्या तळहातावर होता. काठीचं टोक नुसतं काळं होतं.

ओसरी

पाटील बाहेर येऊन ओसरीच्या कडेला बसले. बाकावरच्या माणसांनी सरकून जागा केली, ती त्यांनी घेतली नाही. द्वारकाबाई दोन हात अंतर सोडून बसल्या.

"त्यानं फसवलं मला," पाटील म्हणाले.

"हो."

"परक्या माणसासमोर. निजामसमोर."

"तुम्ही त्याला सहा म्हयने फसवलं. त्यानं एकदाच."

"थेंबाचंबी सांगितलंस का?"

"आत्ता सांगितलं, तुम्ही उठल्यावर."

समोर रस्त्यावरून बैलगाड्या सरकी घेऊन चालल्या होत्या. डावीकडून येणारी गाडी त्यांना एकदम समोरच उगवल्यासारखी दिसली. हे रोज होत असावं. आज पहिल्यांदा त्यांनी ते पाहिलं.

"न्हाई दिसत म्हणलं तर," ते हळू म्हणाले, "उद्या पाटीलकीवर चुलत्याचं पोरगं अर्ज लावंल. आंधळा पाटील कशाला, म्हणून."

"पुरता आंधळा झाल्यावर काय लावणार न्हाई का?"

"तू लई बोलून राह्यली आज."

"ताट न्हाई ना बोलत," द्वारकाबाई म्हणाल्या, "कुणीतरी बोलावं लागतं."

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं: दाब घरच्यासारखा मोजायचा असेल तर चार दिवस इथे राहा, थेंबांशिवाय. पाटील राहिले. पाचव्या दिवशी दाब एकेचाळीस निघाला. थेंबांना पुन्हा एक संधी द्यायला आता डोळ्यात तेवढी जागा उरलेली नव्हती.

भोक

चाकू चालला: उजव्या बुबुळाच्या वरच्या काठाला, पापणीखाली लपेल अशा जागी, मोहरीएवढं भोक. त्यातून तुंबलेलं पाणी झिरपत राहतं. पंधरा मिनिटांचं काम. डोळा कोकेनच्या थेंबांनी बधिर केलेला, पाटील जागेच होते. डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का? पाटील म्हणाले, न्हाई. मग थांबून म्हणाले, "दुखतं थोडं."

केसपेपरवर याची नोंद नाही.

पडदा, शहरेवार महिना

पट्टी सुटून सहा आठवडे झाले होते. काठी डॉक्टरांच्या हातात. निजामोद्दीनला त्यांनी खोलीत थांबवलं, पण तोंडात सुपारी धरून.

काठी डावीकडून सरकली.

पाटलांनी बराच वेळ घेतला.

"न्हाई."

डॉक्टरांनी काळं केलं.

"न्हाई."

"हं."

"न्हाई. न्हाई. अजून न्हाई. थांबा... न्हाई."

मागे स्टुलावर द्वारकाबाई प्रत्येक न्हाईला मान डोलावत होत्या, जशी कीर्तनात डोलावतात. एकूण सदतीस झाले. मग ठिपक्याच्या अगदी जवळ आल्यावर: "दिसला." उजवीकडे मात्र दूरवर दिसत गेलं, आणि वीतभर अंतरावर, जराशी खाली, चार बोटं रुंद जागेत मणी गायब झाला.

"गेला," पाटील म्हणाले, आणि घाबरून, "इथंबी गेलं का माझं?"

"नाही, पाटीलसाहेब," डॉक्टर म्हणाले, "इथे सगळ्यांचंच जातं." त्यांना इतका आनंद झाला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

कागदावर डाव्या अंगाचा जवळजवळ सगळा भाग काळा होता. दाब अठरा.

खुलासा

दवाखान्याच्या पंचांनी वर्षाची कागदपत्रं तपासून डॉक्टर कमरोद्दीन यांना लेखी विचारलं: "मौजे वाटूर येथील पोलीस पाटलांचे दृष्टिक्षेत्र शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण, शस्त्रक्रियेनंतर निम्मे. असे का झाले याचा खुलासा करावा."

डॉक्टरांनी लिहिलं: "शस्त्रक्रियेपूर्वीचे क्षेत्र अदबीने मोजलेले आहे."

पंचांना हे उद्धट वाटलं. त्यांनी पुढल्या वर्षासाठी मागितलेलं दुसरं दाबयंत्र नामंजूर केलं.

खिडकी

दोन महिन्यांनी, आबानमध्ये, एक कागद झाला. पुन्हा दोन महिन्यांनी, १३४७ फसलीच्या दै महिन्यात, आणखी एक. डॉक्टरांनी शहरेवार, आबान आणि दै असे तिन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले. बाहेरचं ऊन कागदांतून आत आलं. काळ्या भागांच्या तीन कडा एकाच रेषेत होत्या.

"हललं नाही," डॉक्टर म्हणाले.

पाटील उठून काचेशी गेले, मान डावीकडे वळवून त्यांनी कागद अंगाअंगानं पाहिला. मान वळवायची सवय आता लागली होती.

"म्हंजे वाढलं न्हाई."

"नाही."

"भरूनबी न्हाई आलं."

"ते येत नाही."

"मंग डोळा कापून, थेंब टाकून, चार चार म्हयने चकरा मारून मी कमावलं काय?"

डॉक्टरांनी कागदांकडे बोट दाखवलं. तिन्ही सारखे.

पाटलांना ते पटलं असं नाही. "घरीबी तसंच हाय," द्वारकाबाई मागून म्हणाल्या, "बैलपोळ्यापासून चटणी हलवावी न्हाई लागली." तेव्हा कुठे त्यांनी पागोटं डोक्यावर चढवलं.

चावडी

वाटूरला मात्र हिशोब वेगळा झाला होता. पूर्ण गोल काचेत होता, तो सगळ्यांनी पाहिला होता. नवा, अर्धा काळा गोल निजामोद्दीननं आईला सांगितला, आईनं विहिरीवर सांगितला. गावानं दोन्ही गोल जोडून निकाल दिला: पाटलांचं बराबर व्हतं, डाक्टरनं कापून अर्धं केलं.

कडूबाचं कपाळ आता रोज ठणकत होतं. चावडीवर तो म्हणाला, "बरं झालं मी न्हाई गेलो. तुमचं अर्धं तरी ठिवलं, पाटील. माझं तर सगळंच नेलं असतं त्यानं."

चार माणसं हसली. चुलत्याचा पोरगाही तिथंच होता.

पाटलांनी पान लावायला घेतलं, चुना जास्त झाला, पुसला, पुन्हा लावला.

"कडूबा," ते म्हणाले, "पहिलेबी अर्धंच व्हतं."

"कागदावर पूर्ण व्हतं की."

"कागदावर मी जास्त सांगितलं."

"म्हंजे? खोटं?"

"खोटं न्हाई. अंदाजे."

"काठीला मणी नसताना दिसला म्हणले म्हणं तुम्ही." हे चुलत्याचा पोरगा म्हणाला. विहिरीवर ही बातमीही पोचली होती.

पाटलांचे कान लाल झाले. उजव्या अंगाला बसलेल्या सगळ्यांना ते दिसलं, आणि त्या सगळ्यांची तोंडं पाटलांनाही स्वच्छ दिसली.

"हो, म्हणलो," ते म्हणाले. "सहा म्हयने दिसतं दिसतं म्हणत बसलो, त्यात गेला डोळा. डाक्टरनं न्हाई नेला. पहिल्या दिवशीच न्हाई दिसत म्हणलो असतो तर चटणी आज दोन बोटांवर असती." चटणीचं कुणाला कळलं नाही. "तू जा, कडूबा. उद्याच जा. आन गेल्यावर न्हाई म्हणायला लाजू नको. तेवढं एक शीक. मला न्हाई आलं."

चुलत्याच्या पोरानं आठव्या दिवशी अर्ज लावला. परतूरच्या कचेरीनं तो ठेवून घेतला.

पडदा, बहमन महिना, नवा रोगी

कडूबा खुर्चीत बसला. डॉक्टरांनी सगळं समजावलं. काठी डावीकडून सरकली.

"न्हाई," कडूबा मोठ्यानं म्हणाला.

उजवीकडून.

"न्हाई."

वरून, खालून, अर्ध्यावर, आत. न्हाई, न्हाई, न्हाई. निजामोद्दीन काळं भरत होता. पेन्सिल झिजली, त्यानं दुसरी घेतली. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. इतका वाढलेला रोग त्यांच्याकडे आजवर आला नव्हता. शेवटी त्यांनी मणी थेट मधल्या ठिपक्यावर नेऊन ठेवला.

"आता?"

"न्हाई."

डॉक्टरांनी काठी खाली घेतली. "कडूबा, इथपर्यंत तुम्हाला कोण घेऊन आलं?"

"कोणी न्हाई. एकटाच आलो, साहेब."

"वाटूरहून?"

"परतूरपर्यंत पायी. मंग रेल्वेनं. मंग टेसनापासून इचारत इचारत."

"आणि समोरचा हा मणी दिसत नाही?"

कडूबानं डोळा किलकिला केला. दाराकडे पाहिलं, बाहेर बाकावर बसलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"दिसतो की. पण पाटलांनी बजावून धाडलं साहेब, लाजायचं न्हाई, न्हाईच म्हणायचं. त्यांनी दिसतं म्हणलं आन डोळा गमावला."

डॉक्टर कमरोद्दीन यांनी निजामोद्दीनकडे पाहिलं. निजामोद्दीननं काळा झालेला कागद बाजूला ठेवला आणि टेबलाच्या खणातून कोरा काढला.